गॅस गेलेला नव्हता

फ्रिजला काहीही झालं की मेकॅनिकचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "गॅस गेलाय मॅडम." आमच्याकडे आलेल्यानेही तेच सांगितलं. दार उघडून खालच्या कप्प्यात हात फिरवला, मागे वाकून कंप्रेसरला तळवा लावला आणि निकाल दिला. गळती शोधणं, जोड भरणं, व्हॅक्यूम, नवा गॅस, सगळं मिळून ३,५०० रुपये. मी त्याच्यासाठी टाकलेल्या चहाला अजून उकळीही आली नव्हती.

जून लागला होता. रत्नागिरीतल्या घरातला फ्रीझर जूनमध्ये रिकामा नसतो. मे महिन्यात काढलेला हापूसचा रस पिशव्यांत भरून सपाट रचलेला, त्यावर खोवलेल्या नारळाचे डबे, आणि १ जूनपासून मासेमारी बंद होते म्हणून आधीच घेऊन ठेवलेली सुरमई. हे सगळं वर घट्ट गोठलेलं होतं. खालच्या कप्प्यात मात्र सकाळचं दूध संध्याकाळी फाटत होतं आणि कोथिंबीर रात्रीत माना टाकत होती. मी अडले ती इथेच. गॅस गेला असेल तर वर सुरमई दगड कशी? तो म्हणाला, "थोडा राहिलाय ना, वरच्यापुरता." उत्तर अगदीच खोटं नव्हतं. गॅस कमी झालेला फ्रिज सुरुवातीला असाच वागू शकतो. पण वागू शकतो म्हणजे तसंच झालंय, हे कशावरून? मी विचार करून सांगते म्हटलं, चहा दिला, येण्याजाण्याचे पैसे पुढे केले. ते त्याने घेतले नाहीत. काम केलं तरच पैसे, असं म्हणाला.

ह्या न घेतलेल्या पैशांबद्दल माझ्या मनात नंतर बरंच काही येऊन गेलं. त्याला मी लबाड म्हणणार नाही. काय बिघडलंय ते शोधायचे पैसे गिऱ्हाईक देत नाही, गॅस भरायचे देतं. मग अर्धा दिवस घालवून शोधायचं कुणी आणि का? गॅस भरताना फ्रिज तसाही काही तास बंद राहतो, आतला बर्फ वितळतो, आणि चालू केल्यावर फ्रिज गार व्हायला लागतो. मेकॅनिकलाही वाटतं आपलं निदान बरोबर होतं. मग पुन्हा बिघडला की "गळती दुसरीकडे असणार."

एक दिवस फ्रिज पूर्ण बंद ठेवून बघ, हे आईंनी सुचवलं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. सामान शेजारी हलवलं आणि दोन्ही दारं सताड उघडी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात पाणीच पाणी. फ्रिजच्या मागे कंप्रेसरवर पाणी साठायचा एक उथळ ट्रे असतो, तो भरून वाहिला होता. पुसून, वाळवून फ्रिज लावला तर तो नव्यासारखा चालला. दूध गार, दही घट्ट. नवरा म्हणाला, झालं की! आठवडा जेमतेम गेला असेल, आधी फ्रीझरच्या आतून पंख्याची खरखर ऐकू यायला लागली, मग ती थांबली, आणि दूध पुन्हा फाटलं.

माझ्या दृष्टीने खटला तिथेच निकालात निघाला. गॅस रजेवर जाऊन परत येत नाही. नळीतून गळाला की गळाला. बर्फ वितळल्यावर जे दुखणं बरं होतं, ते दुखणं बर्फाचंच असणार. आणि त्या बर्फाची वाढ व्हायला आठवडा लागतो, हेही कळलं.

आता हा बर्फ होता कुठे? दिसत तर कुठेच नव्हता. फ्रॉस्ट फ्री फ्रिजची गंमत हीच. गारवा तयार करणारी कॉइल त्यात फ्रीझरच्या मागच्या भिंतीआड असते. तिथला छोटा पंखा कॉइलवरची थंड हवा फ्रीझरमध्ये ढकलतो आणि तिच्यातली थोडी एका नळकांड्यातून खालच्या कप्प्यात सोडतो. खालच्या भागाला स्वतःचं असं काही नाही, वरून आलेल्या हवेवर त्याचं भागतं. कॉइलवर बर्फ दाटला की हवेची वाट बंद होते. वरचं सामान कॉइलला लागून असल्यामुळे तगून राहतं, खालचं आधी मरतं. पंख्याची पाती बर्फाला घासायला लागली की ती खरखर.

बर्फ येतो हवेतून. दहावीच्या विज्ञानात उष्णतेच्या धड्यात दवबिंदू आणि आर्द्रता आहे, मी ती वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवत आले. २८ अंशाची हवा एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त सुमारे २७ ग्रॅम वाफ धरते. कोकणातल्या जूनमध्ये ती जवळजवळ तेवढी भरलेलीच असते. आमचा फ्रिज २५० लिटरचा, म्हणजे पाव घनमीटर. दार उघडून आतली हवा पूर्ण बदलली तर पाच-सहा ग्रॅम पाणी आत जातं. प्रत्येक वेळी सगळी हवा बदलत नाही हे खरं, पण आमच्या घरात दार किती वेळा उघडतं हेही खरं. रोज वाटीभर पाणी आत जातं म्हणायला हरकत नाही, आणि ते सगळं जाऊन बसतं घरातल्या सगळ्यात थंड जागी, त्या कॉइलवर. उघड्या ठेवलेल्या आमटीची वाफ वेगळीच.

पूर्वी हा बर्फ डोळ्यांसमोर असायचा. आईंचा जुना एका दाराचा फ्रिज मी लग्न करून आले तेव्हा चालू होता. शनिवारी दुपारी जेवणं झाली की त्या नॉबच्या मधलं लाल बटण दाबायच्या, खाली परात लावायच्या आणि पडायला जायच्या. उठेपर्यंत बर्फाच्या लाद्या सुटून परातीत. दर आठवड्याचं काम, कुणी त्याला काम म्हणायचंही नाही. नवा दोन दारी फ्रिज आला तेव्हा त्यांनी तो सगळा चाचपून पाहिला आणि विचारलं, "ह्याचं बटण कुठे गो?" दुकानातून आलेला मुलगा हसून म्हणाला, "आजी, ह्यात बर्फच होत नाही." बर्फ होत नाही हे चूक. बर्फ होतो, रोज होतो, आणि फ्रिज तो आपला आपण दिवसातून दोनतीनदा वितळवतो. आईंचं बटण आत गेलं होतं, एवढंच.

आत चार गोष्टी मिळून ते काम करतात. टायमर म्हणजे घड्याळासारखी दातेरी चाकं असलेली डबी. कंप्रेसर साधारण आठ-दहा तास चालला की ती त्याला थांबवते आणि वीस-पंचवीस मिनिटं वीज हीटरकडे वळवते. हीटर कॉइलच्या बुडाशी. कॉइलच्या नळीला चिमट्याने बसवलेलं बायमेटल, आणि थर्मल फ्यूज. बायमेटल म्हणजे आपण शाळेत गरम करून वाकवून दाखवतो ती दोन धातूंची पट्टी, इथे बटणाएवढ्या टोपणात बंद केलेली. कॉइल थंडगार असेल तेव्हा ती वाट जोडते, म्हणजे हीटर चालू शकतो. बर्फ वितळून कॉइल शून्याच्या बरीच वर गेली की ती वाट तोडते. टायमरची वेळ संपली नसली तरी हीटर बंद. आणि हेही चुकलं, हीटर तापतच राहिला, तर थर्मल फ्यूज वितळून मंडल कायमचं तुटतं. सगळे एका माळेत. एक तुटला की हीटर पेटतच नाही, आणि बाहेर कुठे दिवा लागत नाही की घंटा वाजत नाही. नव्या फ्रिजांत टायमरच्या जागी सर्किट बोर्ड आणि सेन्सर आले आहेत. आमचा दहा वर्षांपूर्वीचा, टायमरवाला.

शाळेच्या प्रयोगशाळेतून मल्टीमीटर आणला, रीतसर रजिस्टरला नोंद करून. परिचरभाऊंनी कशासाठी म्हणून विचारलं. फ्रिजसाठी म्हटल्यावर "सरांना सांगा की करायला" असं त्यांच्या तोंडावर आलेलं मला दिसलं. सर म्हणजे माझा नवरा. तो बँकेत आहे आणि ट्यूबलाइट बदलतानासुद्धा आधी विमा भरलाय का ते बघतो.

रविवारी प्लग काढला. नुसतं बटण बंद करून भागत नाही, ओल्या फरशीवर तर नाहीच. पायाखाली पाट घेतला. फ्रीझरमधली जाळी काढली, प्लॅस्टिकच्या टिकल्यांमागचे स्क्रू काढले, पण मागचं पॅनेल जागचं हलेना. आतून बर्फाने धरून ठेवलं होतं. ह्या क्षणी माणसाचा हात सुरीकडे जातो. माझ्या माहेरी तो गेला होता. कुल्फीचा साचा चिकटला म्हणून धाकट्या भावाने सुरी घातली, फुस्स आवाज आला, आणि त्या दिवसापासून तो फ्रिज तांदूळ ठेवायचं कपाट झाला. कॉइल ॲल्युमिनिअमची, पत्रा पातळ. आमच्या फ्रिजच्या पाठीवरच्या पट्टीवर तर आर-६००ए लिहिलं होतं, शेजारी ज्वाळेचं चिन्ह. म्हणजे आयसोब्युटेन, स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद. तेव्हा सुरी नको, मेणबत्ती नको, ब्लो टॉर्च तर नकोच. कढत पाण्याची पातेली फ्रीझरमध्ये ठेवून दार लावायचं, निवली की बदलायची. थोड्या वेळाने पॅनेल करकरत सुटलं.

मागे जे होतं ते बघायला मी नवऱ्याला आणि आईंना दोघांनाही हाक मारली. कॉइल दिसतच नव्हती. वरपासून खालपर्यंत, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा पांढरा ठोकळा, पंखा त्यात अर्धा पुरलेला. आई म्हणाल्या, "म्हणजे आहेच की बर्फ." मला त्या ठोकळ्यात आणखी एक गोष्ट दिसत होती. गॅस खरंच कमी असता तर तो कॉइलच्या पहिल्या एकदोन वेटोळ्यांतच संपला असता, तेवढ्याच भागावर बर्फ धरला असता आणि पुढची कॉइल उघडी राहिली असती. इथे शेवटच्या वेटोळ्यापर्यंत सारखा थर. गॅस भरपूर आहे, ह्याचा ह्यापेक्षा चांगला पुरावा मला कुठल्या मीटरने दिला नसता. आणि तो पॅनेलच्या अलीकडे उभं राहून कुणालाच दिसला नसता, त्या मेकॅनिकलाही नाही.

टेबलफॅन लांब ठेवून त्याचा झोत आत सोडला. खोलीची हवा पुरते, हेअर ड्रायर पाण्याच्या थेंबांखाली धरायची हौस कशाला. वितळलेलं पाणी पातेल्यात धरलं आणि मापाने मोजलं, दोन लिटरच्या आसपास भरलं. ही मोजायची खोड मास्तरकीची, पण तिचा उपयोग झाला. हीटरवर १५० वॉट छापलं होतं. वीस मिनिटांत तो १८० किलोज्यूल उष्णता देणार. एक किलो बर्फ वितळवायला ३३४ लागतात. म्हणजे एका खेपेत फार तर अर्धा किलो. नुसता भाग बदलून पॅनेल लावलं असतं तर धडधाकट हीटरही ह्या ठोकळ्यापुढे हरला असता आणि मी भागाला दोष देत बसले असते. आधी सगळा बर्फ हाताने काढायचा, मग पुढचं.

मग मीटर. हीटर पहिला. २३० चा वर्ग भागिले १५०, सुमारे ३५३ ओहम यायला हवेत. मीटरवर ३५० च्या जवळ आकडा आला. विद्युतधारेचे परिणाम हा धडा इतकी वर्षं शिकवून हे गणित माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदाच बरोबर आलं. थर्मल फ्यूजला टोकं लावली, मीटर गप्प. तुटलेला. नवरा म्हणाला, सापडलं. मी बायमेटलला टोकं लावली आणि मीटर वाजला, खणखणीत. तो म्हणाला, हे चांगलंय ना?

हे चांगलं नव्हतं. मीटर वाजला म्हणजे वस्तू ठीक, अशी सवय लागलेली असते. पण तेव्हा स्वयंपाकघर तीस अंशाला होतं. इतक्या गरम हवेत बायमेटलने वाट तोडलेलीच असायला हवी, त्याने वाजताच कामा नये. खात्रीसाठी वाटीत बर्फाचा चुरा आणि खडेमीठ कालवलं. ह्या मिश्रणाचं तापमान शून्याखाली पंधरा अंशांच्याही पलीकडे जातं. त्यात बायमेटल प्लॅस्टिकच्या पिशवीतून बुडवलं, वाट पाहिली, बाहेर काढून हातात धरून गरम केलं. चांगलं असतं तर जाताना एकदा आणि येताना एकदा टक्‌ करून आवाज आला असता. हे पूर्ण वेळ जोडलेलंच राहिलं. आता कथा सुसंगत झाली. बायमेटल आत चिकटलं, बर्फ वितळल्यावरही हीटर टायमरची वेळ संपेपर्यंत तापत राहिला, आणि कधीतरी फ्यूजने स्वतःला संपवून फ्रिज वाचवला. नुसता फ्यूज बदलला असता तर नवा फ्यूजही काही दिवसांत त्याच वाटेने गेला असता.

बाजारात बायमेटल आणि फ्यूज जोडीनेच मिळतात, हे दुकानात गेल्यावर कळलं. रत्नागिरीत आमच्या मापाची जोडी नव्हती, दुकानदाराने कोल्हापूरहून एसटीच्या पार्सलने मागवली. किंमत साडेतीनशेच्या आत. तोवर दुकानातला मुलगा मदतीला म्हणून सांगत होता, "मॅडम, फ्यूज काढून टाका आणि वायर डायरेक्ट जोडा. सगळे तेच करतात, काही होत नाही." काही होत नाही हे बहुतेक वेळा खरंही असेल. पण बंद प्लॅस्टिकच्या भिंतीआड हीटर, त्याच्या शेजारी ज्वलनशील गॅसची नळी, आणि मध्ये शहाणं म्हणून उरलेलं एकटं चिकटू शकणारं बायमेटल, ही मांडणी मी रात्री झोपताना घरात चालू ठेवणार नाही. फ्यूजवर त्याचं तापमान छापलेलं असतं. जुन्यावर ७२ होतं, नवाही ७२ चाच घेतला. ह्या बाबतीत "थोडा जास्त चालेल" ऐकायचं नाही.

बसवणं म्हणजे चिमटा दाबणं आणि दोन प्लग खटकन जुळवणं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. त्याआधी कॉइलखालच्या पन्हळीच्या भोकात कोमट पाणी ओतून ते मागच्या ट्रेमध्ये उतरतंय का ते पाहिलं. हे भोक तुंबलेलं असलं की सगळं नीट करूनही फ्रीझरच्या तळाला बर्फाची लादी धरते.

खरी परीक्षा हीटर पेटतो का ही, आणि त्यासाठी टायमर आठ-दहा तासांनी स्वतःहून वळेपर्यंत थांबायची गरज नसते. फ्रिज लावून रात्रभर चालू दिला, बायमेटल गार होऊन जुळायला हवं म्हणून. सकाळी फ्रिज पुढे ओढला. टायमर आमच्यात मागे खाली, कंप्रेसरच्या शेजारी. त्याच्या पोटात स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाएवढी खाच असते, ती घड्याळाच्या दिशेने हळूहळू फिरवायची. टक्‌ झालं, कंप्रेसर थांबला. मी आईंना बोलावून ती खाच दाखवली. "हे तुमचं बटण." त्या वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढं पाठीमागे कुणी ठेवतं का?" मला उत्तर सुचलं नाही. थोड्या वेळात फ्रीझरच्या मागून चर्र आवाज यायला लागला, आणि मागच्या ट्रेमध्ये थेंब.

ह्या गोष्टीची कॉलनीत नको तेवढी प्रसिद्धी झाली. आता कुणाचाही फ्रिज कुरकुरला की निरोप येतो. मी जाते, पण स्क्रू ड्रायव्हर नेत नाही. आधी विचारते, एक दिवस बंद ठेवला की बरा होतो का? वर गार आणि खाली गरम आहे का? पंखा ऐकू येतो का? बहुतेकदा दाराचं रबर सैल पडलेलं निघतं, किंवा डब्यांनी हवेचं भोक बुजवलेलं.

मागच्या आळीतल्या काकूंचा फ्रिज मात्र वेगळा होता. दिवसभर बंद ठेवूनही फरक पडत नव्हता, आणि पॅनेल काढलं तर कॉइलच्या वरच्या एकदीड वेटोळ्यावर बर्फ, बाकी सगळी कोरडी ठणठणीत. मी त्यांना म्हटलं, ह्याचा गॅस खरंच गेलाय, हे माझं काम नव्हे. ह्या गॅसचं माप मोजक्या ग्रॅममध्ये असतं, तो वजनकाट्यावर तोलून भरावा लागतो, त्याआधी पंपाने नळ्या निर्वात कराव्या लागतात. मल्टीमीटर आणि खडेमीठ इथे चालत नाही. चौकशी करून मेकॅनिक बोलावला. ह्याने पॅनेल उघडून कॉइल पाहिली, साबणाच्या फेसाने जोड तपासले, गळती शोधून दाखवली, मग काट्यावर मोजून गॅस भरला. बिलात गॅस वेगळा, मजुरी वेगळी, आणि तपासणीचे ३०० रुपये वेगळे लावले होते.

काकू संध्याकाळी ते बिल घेऊनच आल्या. गॅसच्या रकमेबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. "पण नुसतं बघायचे तीनशे?"

मी त्यांना बसायला सांगितलं. समजवायला जरा वेळ लागणार होता.